सातवीचं शेवटचं सत्र : शाळेचा दाखला निघण्याआधी पालकांनी काय तपासावं?

अनेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच असते. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होणारं दुसरं सत्र हे त्या शाळेतलं मुलांचं शेवटचं सत्र. एप्रिलमध्ये परीक्षा, मग निकाल, निरोप समारंभ, ग्रुप फोटो आणि जूनमध्ये हायस्कूल. या धावपळीत घरच्यांचं लक्ष नव्या दप्तराकडे आणि सायकलीकडे जातं, शाळेच्या कपाटातल्या जनरल रजिस्टरकडे जात नाही. पुढची बरीचशी कागदपत्रं मात्र त्याच रजिस्टरवरून तयार होतात.

रजिस्टरमधली एक ओळ

पहिलीत नाव घातलं त्या दिवशी गुरुजींनी जनरल रजिस्टरमध्ये एक ओळ लिहिलेली असते. त्यात मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, धर्म, जात असं सगळं असतं. शाळा सोडल्याचा दाखला या ओळीवरून लिहिला जातो. दाखल्यावरून हायस्कूलच्या रजिस्टरमध्ये नोंद होते. हायस्कूलच्या नोंदीवरून दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरला जातो. म्हणजे पहिलीत झालेली एका वेलांटीची चूक थेट दहावीच्या प्रमाणपत्रावर जाऊन बसते.

या नोंदी किती काळ पुरतात हे जातपडताळणीसाठी धावपळ केलेल्या घरांना चांगलं माहीत आहे. पडताळणीला अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचे, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचे आणि ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचे पुरावे लागतात. अशा वेळी आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा कामी येतो. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हाही गावोगावच्या शाळांची जुनी रजिस्टरं बाहेर काढावी लागली. त्याच रजिस्टरांत अनेकांची जन्मतारीख 1 जून दिसते, कारण शाळेत घालताना खरी तारीख घरात कोणालाच सांगता आली नव्हती.

आता जवळपास प्रत्येक मुलाचा जन्मदाखला असतो. तरी आडनावातला फरक, आईचं माहेरचं नाव, अर्धवट लिहिलेली जात, आधारवर एक आणि शाळेत दुसरीच तारीख, असे घोळ होतातच.

दुरुस्ती आत्ताच का?

मुलगा शाळेच्या पटावर असेपर्यंत दुरुस्तीचा मार्ग तुलनेने सोपा असतो. पालकांनी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्यायचा आणि सोबत जन्मदाखला, आधार, जातीच्या नोंदीसाठी वडिलांचा दाखला जोडायचा. मुख्याध्यापक स्वतःच्या मनाने रजिस्टरमध्ये खाडाखोड करू शकत नाहीत. प्रस्ताव पंचायत समितीच्या शिक्षण विभागामार्फत वर जातो आणि मंजुरी आली की नोंद बदलते. याला वेळ लागतो, म्हणून अर्ज जानेवारी-फेब्रुवारीतच गेलेला बरा.

दाखला निघून मूल हायस्कूलला गेलं की दोन शाळा, दोन रजिस्टरं आणि दुप्पट चकरा होतात. दहावीनंतर तर बोर्डाचंही दार ठोठवावं लागतं.

शाळेत जाऊन करायचं काम अर्ध्या तासाचं आहे. सरांना किंवा मॅडमना रजिस्टरमधली आपल्या मुलाची नोंद दाखवायला सांगायची आणि जन्मदाखला व आधार शेजारी ठेवून प्रत्येक अक्षर जुळवायचं. शाळेच्या ऑनलाइन माहितीत भरलेलं नावही तेच आहे ना, हेही विचारून घ्यायचं.

‘सातवीला नापास करत नाहीत’, पण…

राज्यात पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा आहे आणि त्यातही न जमल्यास त्याच वर्गात बसावं लागू शकतं. सातवीला तसं नाही. त्यामुळे सातवीचा निकाल घरात कोणी फारसा मनावर घेत नाही. इथेच एक संधी हुकते.

आठवीत केंद्र सरकारची एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा असते. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांत 48,000 रुपये मिळतात. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी ही योजना आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीत किमान 55 टक्के गुण किंवा त्या तोडीची श्रेणी हवी. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट 50 टक्के आहे. सातवीचं प्रगतीपत्रक म्हणूनच जपून ठेवायचं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी

कारखान्यांचा हंगाम आणि शाळेचं दुसरं सत्र एकाच वेळी येतं. कोयता हातात घेऊन आई-बाप निघाले की मुलंही निघतात आणि सातवीचं शेवटचं सत्र फडातच जातं. मूल आजी-आजोबांकडे राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाची सोय आपल्या शाळेत आहे का, हे शाळा व्यवस्थापन समितीकडे विचारावं. सोबत न्यायचंच असेल तर निघण्याआधी शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं. ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. गैरहजेरीच्या कारणावरून पटावरून नाव काढता येत नाही.

हायस्कूल ठरवताना

शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या मुलांना आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत आहे. अनुदानित हायस्कूलमध्ये आठवीची पाठ्यपुस्तकं आणि शालेय पोषण आहार मिळतो. सरकारी योजनेतला गणवेश मात्र सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांपुरता आहे, तेव्हा खासगी अनुदानित शाळेत जाणार असाल तर तो खर्च धरून चला.

हायस्कूल लांब असेल तर मुलींचं शिक्षण इथेच थांबण्याची भीती असते. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. मुलांना मासिक पासावर 66.66 टक्के सवलत मिळते. 2024 पासून शाळेने यादी दिल्यास पास थेट शाळेत पोहोचवण्याची सोय एसटीने केली आहे. सकाळची गाडी शाळेच्या वेळेला जुळते का, हे मात्र एप्रिलमध्येच पाहून घ्यावं. जुळत नसेल तर ग्रामपंचायतीचं पत्र घेऊन आगारात जायला मे महिना हाताशी राहतो.

दाखला मागितल्यावर मुख्याध्यापकांनी तो लगेच द्यायचा असतो. दाखल्याला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या वर्गात नवी सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, असं कायद्याचं कलम 5 सांगतं.

दाखला हातात पडला की शाळेच्या ओट्यावरच तो वाचून घ्यावा. नाव, आईचं नाव, तारीख अंकी आणि अक्षरी, जात, शेरा, सही आणि शिक्का सगळं पाहावं. मूळ दाखला नव्या शाळेत जमा होतो, म्हणून आधी दोन झेरॉक्स काढाव्यात आणि मोबाइलमध्ये एक फोटो ठेवावा.