लॅटिमोरविना साउथ कॅरोलायना (२०११–१२)

अमेरिकेतील साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने आपला प्रमुख रनिंग बॅक मार्कस लॅटिमोर याला लागोपाठ दोन हंगामांत, दोन्ही वेळा ऑक्टोबर महिन्यात, गुडघ्याच्या दुखापतीमुळे गमावले, तो कालखंड. दोन्ही वर्षी संघाने अकरा सामने जिंकले आणि दोनच गमावले. येथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळायचा अमेरिकन फुटबॉल. कोलंबिया या राजधानीच्या शहरातील हा संघ ‘गेमकॉक्स’, म्हणजे झुंजीचे कोंबडे, या नावाने ओळखला जातो.

या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले, तरच चेंडू आपल्याकडे राहतो. क्वार्टरबॅक तो फेकतो किंवा रनिंग बॅकच्या हाती सोपवतो. रनिंग बॅकने मग समोरच्या धिप्पाड गड्यांच्या गर्दीत फट शोधून घुसायचे असते. चेंडू हाती नसेल तेव्हा क्वार्टरबॅकवर चालून येणाऱ्याला त्याने अंगावर घ्यायचे. धावणारा मैदानाच्या आत पाडला गेला तर घड्याळ सहसा थांबत नाही, त्यामुळे आघाडीवर असलेला संघ शेवटी त्याच्यावरच भिस्त ठेवतो. शिवाय त्याच्या धाकाने प्रतिस्पर्धी पुढे गोळा होतात आणि मागे चेंडू फेकायला जागा मोकळी होते. म्हणून असा एक गडी गेला की सगळा डावच विस्कटतो.

लॅटिमोरचा जन्म २९ ऑक्टोबर १९९१ चा. तो याच राज्यातल्या डंकन गावचा. २०१० मध्ये, पहिल्याच वर्षी, त्याने धावून १,१९७ यार्ड कमावले. फ्लोरिडाविरुद्ध त्याने एका सामन्यात चाळीस वेळा चेंडू घेऊन २१२ यार्ड काढले. तो सामना जिंकल्याने संघाला साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठ-संघांच्या गटाच्या पूर्व विभागाचे पहिले विजेतेपद मिळाले. पुढच्या वर्षी नेव्ही, म्हणजे नौदल अकादमीच्या संघाविरुद्ध, ३७ धावांत २४६ यार्ड आणि तीन टचडाऊन (चेंडू गोलरेषेपार नेऊन मिळवलेले गुण) झाले. संघाने सामना २४–२१ असा निसटता जिंकला. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण त्यांची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. चाळीस धावा म्हणजे बहुतेक चाळीस वेळा जमिनीवर आपटणे. एकोणीस वर्षांच्या मुलावर इतका भार टाकणे योग्य नव्हते, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

१५ ऑक्टोबर २०११ रोजी मिसिसिपी स्टेटविरुद्ध त्याच्या डाव्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले. त्याच आठवड्यात अनुभवी क्वार्टरबॅक स्टीफन गार्सिया यालाही संघातून काढण्यात आले होते. मुख्य प्रशिक्षक स्टीव्ह स्पुरियर यांच्या हाती उरला दुसऱ्या वर्षाचा क्वार्टरबॅक कॉनर शॉ आणि पहिल्या वर्षाचा रनिंग बॅक ब्रँडन वाइल्ड्स. पुढच्याच सामन्यात, टेनेसीच्या मैदानावर, वाइल्ड्सने १३७ यार्ड काढले. संघाने स्वतःच्या गोलरेषेजवळून सुरुवात करून ९८ यार्डांची एक चढाई तडीस नेली आणि सामना १४–३ असा जिंकला. वाइल्ड्स लॅटिमोर नव्हता आणि त्याला तसे खेळायला कोणी सांगितलेही नाही. धावण्याचा बराच भार शॉने उचलला. क्लेमसन या हाडवैरी संघाविरुद्ध क्वार्टरबॅक असूनही तो १०७ यार्ड धावला, निकाल ३४–१३. खरा आधार मात्र बचावफळीचा होता. मेल्विन इंग्रॅम, स्टीफन गिलमोर आणि पहिल्याच वर्षाचा जेडेव्हियन क्लाउनी यांच्यामुळे प्रतिस्पर्ध्यांचे गुण इतके कमी राहत की आपल्या थोड्या गुणांवरही भागे. कॅपिटल वन बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात नेब्रास्काला ३०–१३ असे हरवून संघाने अकरा विजय गाठले. विद्यापीठाच्या इतिहासात हे प्रथमच घडले.

लॅटिमोर २०१२ मध्ये परतला. २७ ऑक्टोबरला घरच्या विल्यम्स-ब्राइस स्टेडियमवर पुन्हा टेनेसीशीच गाठ होती. सुरुवातीला त्याने २८ यार्ड धावून टचडाऊन केला. दुसऱ्या सत्रात चेंडू घेऊन जाताना त्याचा उजवा पाय दोन बचावपटूंच्या माऱ्यात सापडला. गुडघा निखळला आणि खालचा पाय नको त्या दिशेला वळला. प्रेक्षागार निःशब्द झाले. मग दोन्ही संघांचे खेळाडू मैदानात आले आणि त्याच्याभोवती उभे राहिले. टेनेसीचे खेळाडू त्याचा हात हातात घेत होते. उरलेला सामना कसाबसा पार पडला. अखेरच्या मिनिटांत क्लाउनीने टेनेसीच्या क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू उडवला, म्हणून ३८–३५ असा विजय हाती लागला. दोनच दिवसांनी लॅटिमोरचा एकविसावा वाढदिवस होता आणि त्याच्या पाठीवरचा क्रमांकही एकवीसच. कोलंबियात तो दिवस ‘मार्कस लॅटिमोर दिन’ म्हणून पाळण्यात आला.

त्यानंतर संघ त्या हंगामात एकही सामना हरला नाही. धावण्याची जबाबदारी शेवटच्या वर्षाच्या केनी माइल्सकडे आली. क्लेमसनच्या सामन्यात शॉही जायबंदी होता, तेव्हा राखीव क्वार्टरबॅक डिलन थॉम्पसनने ३१० यार्ड चेंडू फेकून २७–१७ असा विजय मिळवून दिला. आउटबॅक बोलमध्ये मिशिगनविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत त्याच्याच फेकीवर ब्रूस एलिंग्टनने टचडाऊन केला, निकाल ३३–२८. हा सामना आज मुख्यतः क्लाउनीने मिशिगनच्या व्हिन्सेंट स्मिथला दिलेल्या धडकेसाठी आठवला जातो.

या यशावरून लॅटिमोरची जागा भरून निघाली असे म्हणणे चुकीचे ठरेल. ती भरली गेली नाही, वाटून घेतली गेली. आणि संघासमोर जसा पुढचा शनिवार, म्हणजे पुढचा सामना, होता, तसा लॅटिमोरसमोर नव्हता. शाळा सोडल्यावर तीन वर्षे होईपर्यंत एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये प्रवेश मिळत नाही, आणि स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची महाविद्यालयीन खेळाडूंना तेव्हा परवानगी नव्हती. ती २०२१ मध्ये मिळाली. ज्या वर्षांत त्याच्या शरीराने सर्वांत जास्त मार सोसला, त्याच वर्षांत त्याला त्याचा मोबदला घेता आला नाही.

धावून केलेले ३८ टचडाऊन हा विद्यापीठाचा विक्रम त्याने नावावर केला. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सने चौथ्या फेरीत त्याची निवड केली. नोव्हेंबर २०१४ मध्ये, तेविसाव्या वर्षी, एनएफएलचा एकही सामना न खेळता तो निवृत्त झाला. २०१८ मध्ये तो साउथ कॅरोलायनाच्या संघात खेळाडूंच्या जडणघडणीचे काम पाहण्यासाठी परत आला.