कल्पित भाडेकरू आणि दुकानदाराची दाद

मुंबईंतील एखादा व्यापारी वडिलार्जित दुकानांत बसून धंदा करी. भाडें कोणाला द्यावयाचें नाहीं, कोणाकडून घ्यावयाचेंही नाहीं. असें असतां म्युनिसिपालिटीची जी घरपट्टी त्याच्या हातीं पडे, ती मात्र दुकानाच्या भाड्यावरच आकारलेली असे! हें भाडें देणारा कोण? तो कायद्यानें निर्माण केलेला एक भाडेकरू होता. १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्याच्या १५४ व्या कलमांत त्याचा जन्म नोंदलेला आहे. एखादी जागा वर्षानुवर्षाच्या करारानें दिली असतां वाजवीपणें जें भाडें येण्याची अपेक्षा करतां येईल, तें धरावयाचें. त्यांतून दुरुस्ती वगैरेंबद्दल शेंकडा दहा वजा करावयाचे. उरेल तें करपात्र मूल्य. दुकानाला महिना शंभर रुपये येतील असें मानलें, तर वर्षाचे १,२०० व करपात्र मूल्य १,०८० रुपये.

हा कल्पित भाडेकरू मूळचा विलायतेचा. इंग्लंडांत १८३६ च्या कायद्यानें गरिबांच्या पोषणासाठीं बसणाऱ्या पट्टीला हेंच माप लावलें होतें. माप चांगलें होतें. पण जो भाडेकरू कधीं दुकानाची पायरी चढला नाहीं, त्याच्या खिशांत किती पैसे आहेत हें सांगण्याचा अधिकार कोणाला? कर आकारणाऱ्या अधिकाऱ्यालाच असेल, तर मालकाला बोलण्यास जागाच उरत नाहीं.

मुंबईकरांना हा प्रश्न पुस्तकांतून कळलेला नव्हता. १८६५ च्या कायद्यानें शहराचा कारभार जस्टिस ऑफ दि पीस या सरकारनियुक्त मंडळींच्या नांवें चाले. परंतु खरी सत्ता म्युनिसिपल कमिशनराच्या हातीं होती. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड मोठे कर्तबगार गृहस्थ. रस्ते, गटारें, बाजार त्यांनीं झपाट्यानें उभे केले. त्यांच्या नांवाचा बाजार आजही शहरांत उभा आहे. मात्र पैशाचा हात सैल. त्यांतच १८६५ सालीं अमेरिकेंतील यादवी संपून कापसाचा भाव कोसळला, शेअरांचा फुगा फुटला व पेढ्यांमागून पेढ्या बसल्या. धंदा बुडालेला आणि पट्टीचा तगादा चालूच, अशा स्थितींत करदात्यांचा संताप १८७१ सालीं उसळला. जस्टिसांपैकीं जे. ए. फोर्ब्स व करदात्यांचे कैवारी नौरोजी फर्दुनजी यांनीं कमिशनराच्या सत्तेवर हल्ला चढविला. त्या वेळीं फिरोजशहा मेहता अवघे सव्विशीचे होते. दोष व्यक्तीचा नसून पद्धतीचा आहे, करदात्यांनीं निवडलेले प्रतिनिधी नेमा, असें त्यांनीं फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें सांगितलें, तेव्हां लोकांना तें रुचलें नाहीं. क्रॉफर्डच्या नांवानें शिमगा करणें अधिक सोपें होतें. पण १८७२ चा कायदा झाला त्यांत ६४ सभासदांपैकीं ३२ करदात्यांनीं निवडावयाचे ठरले.

निवडणुकीनें खर्चावर डोळा ठेवतां आला. एकट्या दुकानदाराच्या आकारणीचें काय? त्याची तरतूद १८८८ च्या कायद्यांत सविस्तर सांपडते. हें बिल कायदेमंडळांत घडत असतां मेहता व काशिनाथ त्रिंबक तेलंग या दोघांनीं त्यावर पुष्कळ परिश्रम केले. आकारणीचें पुस्तक लोकांना पाहण्यास खुलें असावयाचें. मालकानें मुदतींत लेखी तक्रार द्यावयाची. कमिशनरानें ती ऐकावयाची. येथपर्यंत आरोपी तोच न्यायाधीश! परंतु त्यापुढें २१७ व्या कलमानें स्मॉल कॉजेस कोर्टाच्या मुख्य न्यायाधीशाकडे अपिलाची वाट ठेवली. तो न्यायाधीश म्युनिसिपालिटीचा नोकर नव्हे, हेंच त्या कलमाचें मर्म होय.

वाट होती, पण तिच्यावर नाकीं होतीं. तक्रार आधीं केलेली नसेल तर अपील नाहीं. पंधरा दिवस उलटले तर अपील नाहीं. आणि बिल हातीं पडल्यावर अपील करावयाचें तर मागितलेली रक्कम अगोदर भरली पाहिजे. शहराचीं गटारें व दिवे खटल्याच्या निकालाची वाट पाहूं शकत नाहींत हें खरें. तथापि ज्याची आकारणी सर्वांत अवाजवी, त्याच्यावरच या अटीचा भार सर्वांत अधिक पडे, हेंही तितकेंच खरें. शिवाय भांडावयाचें तें मूल्याविषयीं. कराचा दर नगरसभा ठरवी. तो जड आहे अशी ओरड या अपिलांत चालत नसे. शेजारचा गाळा किती भाड्यानें गेला आहे, आपला तळमजल्यावर आहे कीं माडीवर, रस्त्याला लागून आहे कीं बोळांत, असल्या रोखठोक गोष्टी पुढें मांडाव्या लागत. गिरणीवाल्यांना एक सवलत कायद्यांतच मिळाली होती: इमारतींतील यंत्रसामुग्रीची किंमत करपात्र मूल्यांत धरावयाची नाहीं.

पुढें एक चमत्कारिक गोष्ट झाली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें पुष्कळशा जागांचें भाडें १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर खिळवून ठेवलें, आणि हा कायदा दुकानांनाही लागू होता. १९६१ सालीं कलकत्त्याच्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, कायद्यानें ठरविलेल्या भाड्याहून अधिक भाड्याची अपेक्षा वाजवी म्हणतां येत नाहीं. कल्पित भाडेकरूही आतां कायदा पाळूं लागला! बाजारांत दुकानाला कितीही पागडी मिळो, जुन्या जागेचें करपात्र मूल्य जुन्या भाड्याला बांधलें गेलें. जुन्या मालकाला अपिलांत याहून भक्कम आधार नव्हता. पण त्याच रस्त्यावरील नव्या इमारतींतला दुकानदार त्याच्या कितीतरी पट कर भरूं लागला. ही विषमता कोणालाही समर्थनीय वाटण्याजोगी नव्हती.

अखेरीस १ एप्रिल २०१० पासून मुंबईंत भाड्याऐवजीं भांडवली मूल्य आलें. मुद्रांक शुल्कासाठीं सरकार जें जमिनीचें दरपत्रक काढतें, तें आधाराला घेऊन बांधकामाचा प्रकार, वय व उपयोग यांचे गुणक लावावयाचे. भाडेकरू गेला, पण कल्पना गेली नाहीं. मोकळ्या जमिनीवर पुढें किती बांधकाम करतां येईल, हेंही नियमांनीं मूल्यांत धरलें होतें. मालकांनीं न्यायालयांत धाव घेतली. २०१९ सालीं उच्च न्यायालयानें ते नियम रद्द केले व नोव्हेंबर २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला: जमीन आज जशी आहे तसेंच तिचें मूल्य धरावें, उद्यांच्या न बांधलेल्या मजल्यांवर आज कर घेतां येणार नाहीं.