कोरांटी

कोरांटी हे अ‍ॅकॅन्थेसी कुलातील, हिवाळ्यात फुलणारे बहुवर्षायू झुडूप आहे. अबोली, अडुळसा आणि कारवी या वनस्पती याच कुलातील होत. मराठीत 'कोरांटी' हे नाव एकाच जातीस नव्हे, तर बार्लेरिया प्रजातीतील अनेक जातींस लावले जाते. त्यांपैकी पिवळी काटेरी कोरांटी म्हणजे बार्लेरिया प्रायोनायटिस आणि निळी, पांढरी वा गुलाबी बिनकाट्यांची कोरांटी म्हणजे बार्लेरिया क्रिस्टाटा. लिनियसने या दोन्ही जातींची नोंद 1753 मध्ये केली. प्रजातीचे नाव जाक बारेलिए या फ्रेंच धर्मोपदेशक वनस्पतिज्ञाच्या स्मरणार्थ आहे. संस्कृतात कुरण्टक, सैरेयक व सहचर ही नावे आढळतात.

वर्णन

झुडूप साधारणतः एक ते दीड मीटर उंच वाढते. पाने समोरासमोर असतात. पिवळ्या जातीत पानांच्या बेचक्यात तीक्ष्ण काटे असतात. निळ्या जातीत असे काटे नसतात, परंतु फुलाखालची दातेरी निदलपुंजे वाळल्यावर हातास बोचतात. फूल लांब नळीचे व गंधहीन असते. गंध नसूनही गजरे आणि देवपूजेसाठी कोरांटीला मागणी असते, कारण हिवाळ्यात बहर सातत्याने चालू राहतो.

फळ म्हणजे लहान बोंड. ते ओले होताच फुटते व बिया दूर फेकल्या जातात. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात पिवळी कोरांटी याच कारणाने तण ठरली आहे. निळी जाती इंग्रजीत फिलिपाईन व्हायोलेट म्हणून ओळखली जाते, मात्र ती मूळची फिलिपाईन्सची नाही आणि जांभळ्या व्हायोलेटशी तिचा काही संबंधही नाही.

सावलीच्या बागेतील लागवड

थंड प्रदेशांत सावलीच्या बागेत हिवाळी फुलांसाठी कॅमेलिया लावतात. चहाचे झाड त्याच प्रजातीतले. कॅमेलियास आम्लधर्मी माती आणि थंड हवा लागते. पनवेलसारख्या कोकणपट्टीतील गावात उष्ण व दमट हवेमुळे ते जोमाने वाढत नाही. तेथे आंबा-फणसाच्या छायेत किंवा इमारतींमधल्या बोळात हिवाळी बहर हवा असेल, तर कोरांटी हाच सुलभ पर्याय होय.

तथापि सावली म्हणजे अंधार नव्हे. कोरांटी अर्धवट सावली सहन करते, पण तीन-चार तास कोवळे वा गाळीव ऊन न मिळाल्यास फांद्या लांबट होऊन फुले विरळ येतात. दाट आंब्याखाली म्हणूनच बुंध्याजवळ न लावता फांद्यांच्या कडेला लावावी.

पावसाळ्याच्या आरंभी पक्व फांदीचे वीतभर छाट लावल्यास ते सहज मुळे धरतात. कोकणातील पाऊस पाहता पाण्याचा निचरा ही पहिली अट आहे. मुरूम व शेणखत मिसळलेला थोडा उंच वाफा पुरेसा असतो. पाणी साचल्यास मुळे कुजतात. पाऊस थांबल्यावर आठवड्यातून दोनदा पाणी द्यावे. नत्राचे खत अधिक दिल्यास पाने माजतात व फुले घटतात.

छाटणी कधी करावी, यावर बहर अवलंबून असतो. कळ्या नव्या फुटव्यांच्या टोकाकडे धरतात. त्यामुळे गणपतीनंतर बाग नीटनेटकी करण्याच्या भरात छाटलेल्या झुडपास त्या वर्षी फुले जवळजवळ येतच नाहीत. छाटणी बहर संपल्यावर, फाल्गुन-चैत्रात करावी व एकतृतीयांश फांद्या काढाव्यात. बिया विखुरू द्यायच्या नसतील, तर वाळलेली बोंडे पहिल्या पावसापूर्वी वेचावीत.

हवा न खेळणाऱ्या जागी पिठ्या ढेकूण लागतो. कडुनिंबाच्या तेलाची साबणपाण्यातील फवारणी उपयोगी पडते. पानांवर काट्यांसारखे केस असलेल्या काळपट अळ्या दिसल्यास त्या मारू नयेत. जुनोनिया प्रजातीतील काही फुलपाखरे कोरांटीवर अंडी घालतात आणि झुडूप कुरतडलेली पाने लवकर भरून काढते.

उपयोग

पिवळ्या कोरांटीची पाने दातदुखीवर चावण्याची जुनी रीत आहे. 'वज्रदंती' हे नाव त्यावरूनच पडले. बागेत मात्र तिचे मुख्य काम कुंपणाचे. गुरे काट्यांमुळे तिला टाळतात. लहान मुले वावरणाऱ्या अंगणात बिनकाट्यांची जातीच लावावी.