नळाचे घनफळ व पृष्ठफळ

नळ, पाइप किंवा नळी म्हणजे भूमितीच्या भाषेत दोन्ही तोंडे उघडी असलेली पोकळ वृत्तचिती. तिच्या मापनात तीन प्रश्न येतात : आत पाणी किती मावते (पोकळीचे घनफळ), भिंतीत माल किती गेला (भिंतीचे घनफळ) आणि रंगाला, अस्तराला किंवा उन्हाला अंग किती मिळते (पृष्ठफळ). तिन्हींना व्यास लागतो, पण प्रत्येकाचा वेगळा. पाण्याचा हिशेब आतल्या व्यासावर, बाहेरून लावायच्या रंगाचा बाहेरच्या व्यासावर आणि मालाचा दोन्ही व्यासांवर. या हिशेबातल्या बहुतेक चुका सूत्र न आल्याने होत नाहीत, चुकीचा व्यास धरल्याने होतात.

वऱ्हाडातील महत्त्व : अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांतील अनेक गावांत विहिरीला पाणी लागते, पण ते खारे असते. पिण्याचे पाणी दुरून नळानेच आणावे लागते. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या वान धरणावर ८४ खेडी, तर काटेपूर्णा धरणावर खांबोऱ्याची ६४ खेडी प्रादेशिक पाणीपुरवठा योजना आधारलेली आहे. अकोला शहराला महान येथील काटेपूर्णा धरणातून, तर अमरावतीला मोर्शी तालुक्यातील सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणातून पाणी येते. वरुड-मोर्शीच्या संत्राबागांत ठिबकच्या नळ्या झाडाझाडापाशी गेल्या आहेत. त्यामुळे नळाचे माप इथे घरातल्या हंड्याशी आणि शेतातल्या झाडाशी थेट जोडलेले आहे.

सूत्रे :
१) पोकळीचे घनफळ = ०.७८५४ × (आतला व्यास)² × लांबी.
२) भिंतीचे घनफळ = ३.१४१६ × सरासरी व्यास × जाडी × लांबी. बाहेरचा व्यास व आतला व्यास यांची बेरीज करून निम्मी केली की सरासरी व्यास मिळतो. नळ उभा चिरून सपाट केला तर जो पत्रा होईल, त्याची सरासरी व्यासाच्या परिघाइतकी रुंदी धरली की घनफळ अचूक येते.
३) वक्रपृष्ठफळ = ३.१४१६ × व्यास × लांबी. आतले व बाहेरचे वेगवेगळे काढावे. एकूण पृष्ठफळ हवे असल्यास दोन्ही टोकांच्या कड्यांचे क्षेत्रफळ मिळवावे. लांब नळात ते नगण्य असते.

तोंडी हिशेबासाठी सोपा आडाखा असा : आतला व्यास सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा व ०.०७८५ ने गुणावे. दर मीटर लांबीत मावणारे लिटर मिळतात. आतला व्यास ३० सेंमी. असेल तर मीटरला ७०.७ लिटर, म्हणजे किलोमीटरला सुमारे ७०,७०० लिटर. जल जीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटर या मापाने हे सुमारे १,२८५ माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. रिकामी झालेली वाहिनी आधी एवढे पाणी पोटात घेते आणि मगच पुढच्या गावाच्या टाकीत धार पडते. शेवटच्या गावाला पाणी उशिरा पोहोचण्याचे एक कारण इथे आहे.

कोणता व्यास? : शेतीच्या पीव्हीसी पाइपवर छापलेले ६३, ७५, ९० किंवा ११० मिमी. हे माप बाहेरच्या व्यासाचे असते. बोलीत त्यांनाच दोन, अडीच, तीन आणि चार इंची म्हणतात. जीआय पाइपचे इंची माप मात्र ढोबळमानाने आतल्या व्यासाचे असते. ९० मिमी.च्या पाइपची भिंत ३ मिमी. असेल तर आतला व्यास ८४ मिमी. उरतो. त्यात मीटरला ५.५४ लिटर पाणी मावते, ९० मिमी. धरून हिशेब केला तर ६.३६ लिटर येते. म्हणजे सुमारे १५ टक्क्यांची फसगत. याच पाइपच्या ६ मीटर लांबीत ४,९२० घनसेंमी. माल असतो. पीव्हीसीची घनता १.४ धरली तर वजन सुमारे ६.९ किलो भरते. पाइप काट्यावर ठेवला की भिंत सांगितली तेवढी जाड आहे की नाही, ते कळते.

नळकांड्यांच्या पुलासाठी लागणाऱ्या सिमेंटच्या ह्यूम पाइपलाही हेच सूत्र लागते. आतला व्यास ९०० मिमी., भिंत १०० मिमी. व लांबी २.५ मी. असल्यास काँक्रीट ०.७८५ घनमीटर भरते, म्हणजे वजन जवळपास २ टन. तो उतरवायला क्रेन सांगायची की माणसे, हे या आकड्यावर ठरते.

ठिबकच्या नळ्या : संत्र्याची लागवड ६ × ६ मी. अंतरावर असल्यास हेक्टरी २७७ झाडे बसतात. ओळीला एक नळी धरली तर नळीची लांबी सुमारे १,६६७ मी. होते. १६ मिमी.च्या नळीची भिंत १ मिमी. धरल्यास आतला व्यास १४ मिमी. राहतो आणि सर्व नळ्यांत मिळून सुमारे २५७ लिटर पाणी मावते. ड्रिपरमध्ये साचलेले क्षार काढण्यासाठी आम्लप्रक्रिया करतात, तेव्हा हा आकडा हाताशी लागतो, कारण आम्लमिश्रित पाण्याने सगळ्या नळ्या भराव्या लागतात. आतला व्यास म्हणून १६ मिमी. धरले तर उत्तर ३३५ लिटर येते आणि आम्ल सुमारे ३० टक्के जास्त पडते. आम्लाचे प्रमाण पाण्याचा सामू तपासूनच ठरवावे.

पृष्ठफळाचे उपयोग : बाहेरचा व्यास ७०० मिमी. व भिंत ७ मिमी. असलेल्या पोलादी वाहिनीला किलोमीटरमागे बाहेरून २,१९९ चौ.मी. रंग लागतो, तर आतून २,१५५ चौ.मी. सिमेंटचे अस्तर. व्यास दुप्पट केला की पृष्ठफळ दुप्पट होते, पण पोकळीचे घनफळ चौपट. म्हणून नळी जितकी बारीक, तितके दर लिटरमागे तिचे अंग मोठे. १४ मिमी.च्या नळीत दर लिटरमागे ०.२८६ चौ.मी. पृष्ठफळ असते, १०० मिमी.च्या पाइपात अवघे ०.०४. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा जमिनीवर पसरलेल्या काळ्या नळीतले पाणी पाहता पाहता का तापते, ते या सातपट फरकावरून समजते.

क्षार साचल्याने आतला व्यास वर्षागणिक घटतो. ५० मिमी.च्या पोकळीत सगळीकडून ३ मिमी.चा थर चढला तर व्यास ४४ मिमी. होतो आणि पाणी मावण्याची जागा २२.६ टक्क्यांनी कमी होते. प्रवाह त्याहूनही जास्त घटतो. जुन्या नळाचा हिशेब त्यामुळे नव्या मापाने करू नये.

परंपरा : भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) परिघ व व्यास यांचे सूक्ष्म गुणोत्तर ३९२७/१२५० म्हणजे ३.१४१६, आणि व्यवहारासाठी २२/७ दिले आहे. परिघ व व्यास यांच्या गुणाकाराचा चौथा भाग म्हणजे वर्तुळाचे क्षेत्रफळ, हेही त्यात आहे. खोदकामाचे घनफळ काढण्यासाठी ‘खातव्यवहार’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. आज महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या भूमितीत हा विषय ‘महत्त्वमापन’ या प्रकरणात शिकवला जातो.

प्रत्यक्ष मापन : बाहेरचा व्यास काढण्यासाठी नळाभोवती दोरी गुंडाळून तिची लांबी ३.१४१६ ने भागावी. भिंतीची जाडी तोंडाशी चार ठिकाणी मोजून सरासरी घ्यावी. बाहेरच्या व्यासातून तिची दुप्पट वजा केली की आतला व्यास मिळतो. खात्री करून घ्यायची तर एक मीटरचा तुकडा घेऊन त्याचे एक तोंड बंद करावे, तो उभा धरावा आणि लिटरच्या मापाने काठोकाठ भरावा. ९० मिमी.च्या वरील पाइपात साडेपाच लिटरला पाणी काठाशी येते. बाहेरचा व्यास धरून केलेल्या हिशेबातले उरलेले सुमारे ०.८ लिटर जमिनीवर सांडते.