धुणं सोपं झालं, पण कोणाचं?

मागच्या दिवाळीत जळगावला घरी गेलो होतो. आईनं सहज विचारलं, "तू एवढं कॉम्प्युटरचं शिकलास, धुण्याचं काही सोपं करता येतं का रे?" मी हसलो. घरात ऑटोमॅटिक मशीन आहे, अजून काय सोपं करायचं?

मग चार दिवस नुसतं बघितलं. नळाला पाणी येणार त्या दिवशी आई पहाटेच मशीनजवळ. खिसे तपासायचे, कॉलर घासायची, रंग जाणारे कपडे वेगळे काढायचे, गच्चीवर वाळत घालायचे, संध्याकाळी काढून घड्या करायच्या. मशीन फक्त मधलं काम करत होतं. आधीचं आणि नंतरचं सगळं आईच करत होती. तर आज बोलूया धुण्याच्या इतिहासावर.

सुरुवात धुळ्यापासून. माझी आजी तिथली. ती पांझरेवर धुणं घेऊन जायची. डोक्यावर गाठोडं, हातात साबणाची वडी, आणि ठरलेला दगड. नदी आटली की विहिरीचं पाणी. आता आपल्याकडचा खडक म्हणजे काळा बेसॉल्ट. त्यातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असू शकतं. त्यालाच आपण जड पाणी म्हणतो. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट कपड्यावर चिकट थर बसतो. म्हणून धुण्याचा सोडा टाकायचा, आणि तरीही आपटायचं, घासायचं, पिळायचं. सगळा भार मनगटावर.

मग आली पावडर. १९५९ मध्ये भारतात सर्फ आलं. डिटर्जंटचा फायदा असा, की जड पाण्यातही ते काम करतं. पण सर्फ महाग होतं. १९६९ मध्ये शेजारच्या गुजरातेत करसनभाई पटेल नावाच्या सरकारी नोकरीतल्या केमिस्टनं घरीच पावडर बनवली आणि सायकलवरून दारोदार विकली. भाव साधारण साडेतीन रुपये किलो. मुलीच्या नावावरून नाव ठेवलं निरमा. सर्फ न परवडणाऱ्या घरांतही पावडर पोहोचली. मनगटाला थोडा आराम मिळाला.

त्यानंतर मशीन. आता प्रश्न सुटायला हवा होता ना भो? इथं जरा अमेरिकेत जाऊन येऊ. रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की यंत्रं आली पण बाईचे तास फारसे कमी झाले नाहीत. आधी बरेच कपडे लॉन्ड्रीत किंवा धुणेवालीकडे जायचे. मशीन आल्यावर ते घरी परतले, आणि एकट्या गृहिणीकडे आले. शिवाय स्वच्छतेची अपेक्षा वाढली. दोन दिवस घालायचा तो शर्ट रोज धुवायला पडू लागला.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला बॉटलनेक म्हणतो. सर्व्हर कितीही फास्ट घ्या, सगळं काम एकाच ठिकाणावरून जात असेल तर रांग तिथंच लागणार.

आणि ही रांग जुनी आहे. आपल्याकडे धुणं हे कायम 'दुसऱ्याचं काम' राहिलं. घरात ते बाईचं, गावगाड्यात परटाचं. परीट बारा बलुतेदारांपैकी एक. मळवायचं एकानं, धुवायचं दुसऱ्यानं, आणि धुणाऱ्याला कमी लेखायचं.

हे उलटं करून दाखवणारा माणूस आपल्या खान्देशातच होता. १९२४ मध्ये पांडुरंग सदाशिव साने नावाचे तरुण शिक्षक अमळनेरच्या शाळेत रुजू झाले. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल. वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलं बाहेर गेली की हे त्यांच्या खोल्या झाडायचे, अंथरुणं आवरायचे, मळके कपडे स्वतः धुवायचे. तत्त्वज्ञान शिकलेला पुरुष, गुरुजी म्हणून मान असलेला, पोरांचे सदरे धुतोय! त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं लिहून घेणारे साने गुरुजी ते हेच.

त्यांच्याकडे ना पावडर होती ना मशीन. धुणं सोपं झालं नव्हतं, पण ते कोणाचं हा प्रश्न त्यांनी बदलला होता.

मग आम्हीही घरी तेच केलं. ॲप नाही, चार बादल्या आणल्या. माणशी एक. खिसे ज्याचे त्यानं तपासायचे, मोजे सरळ करून टाकायचे, वाळत घालणं पाळीपाळीनं, घड्या आपापल्या. एकदाच घातलेली जीन्स लगेच धुवायला टाकायची नाही. मशीन तेच, पाणी तेच. आईचा भाग एक चतुर्थांश.

पहिल्या आठवड्यात गडबड झालीच. माझा पांढरा कुर्ता गुलाबी निघाला. मी पुण्याला परतल्यावर आईचा फोन आला, "पप्पांनी शर्ट कसेही वाळत टाकलेत. सगळ्या सुरकुत्या."

मी विचारलं, "मग तू परत नीट केलेस?"

"नाही," आई म्हणाली. "मी पेपर वाचत बसले."

आज घरी गेलात की एवढंच बघा, तुमची बादली कोण उचलतं? भेटूया पुढच्या भागात.