बीजाआधीं क्षेत्र



परभणीच्या काळ्या रानांत बीं पेरण्यापूर्वीं शेतकरी जमीन नांगरून, वखरून सिद्ध करतो. मातृत्वाचाही न्याय हाच, हें आपल्या वैद्यशास्त्रानें फार पूर्वीं जाणलें होतें. गर्भसंभवास ऋतु, क्षेत्र, अंबु आणि बीज हीं चार लागतात, असें सुश्रुतसंहिता सांगते. चरकसंहितेनें अतिकृश व अतिस्थूल हे दोन्ही देह निंद्य ठरविले. घरोघरीं मात्र डोहाळजेवणाचें कौतुक राहिलें आणि त्याआधींच्या देहाची विचारपूस मागें पडली.

देहाचें वजन उंचीशीं ताडून पाहण्याचें सूत्र एकोणिसाव्या शतकांत बेल्जियमच्या क्वेतले या पंडितानें दिलें. आजच्या वैद्यकाप्रमाणें पांच फूट उंचीच्या भारतीय स्त्रीचें वजन सुमारें ४३ ते ५३ किलो असावें. त्याहून अधिक वजन असल्यास गरोदरपणीं मधुमेह व रक्तदाब यांचें भय वाढतें. कमी असल्यास बालक अशक्त निपजण्याचें.

आपल्या महाराष्ट्रांत या प्रश्नाचा पद्धतशीर शोध १९९३ सालीं सुरू झाला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचीं वजनें गर्भधारणेपूर्वींच नोंदलीं. पांच फुटांच्या आसपास उंची असलेल्या या मातांचें सरासरी वजन होतें अवघें ४२ किलो! त्यांच्या बालकांचें वजन सरासरी पावणेतीन किलोंहूनही कमी भरलें. मात्र पालेभाजी, दूध व फळें अधिक वेळां खाणाऱ्या मातांचीं बालकें थोराड निघालीं.

यावरून २००६ पासून मुंबईच्या गरीब वस्त्यांतील स्त्रियांस गर्भ राहण्यापूर्वींपासूनच पालेभाजी, फळें व दूध यांचा खाऊ रोज देण्यांत आला. ज्यांनीं तो निदान तीन महिने आधीं सुरू केला, त्यांच्या बालकांचें वजन कांहींसें वाढलें. परंतु अतिकृश मातांस हा लाभ दिसला नाहीं. दीर्घकाळची उपासमार चार घासांनीं फिटत नाहीं, हाच याचा अर्थ.

लोह व जस्त अधिक असलेली ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी आपल्याच कृषी विद्यापीठानें २०१८ सालीं दिली. परंतु मुलीच्या ताटांत भाकरी शेवटीं पडत असेल, तर उत्तम वाणाचा काय उपयोग? लग्नाच्या याद्या करतांना सोनें तोळ्यामाशांनीं तोललें जातें. त्याआधीं वर्षभर घरांतील मुलीचें वजन पाहावें आणि तिला पोटभर जेवूं घालावें, एवढीच माझी विनंती आहे.