पाळीतील वेदना: किती दुखणे ठीक, आणि कधी तपासून घ्यावे

पाळीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत ओटीपोटात कळा येणे, कंबर धरणे, मांड्या भरून येणे हे बहुतेक मुलींच्या आणि स्त्रियांच्या ओळखीचे आहे. त्यासाठी दरवेळी डॉक्टर गाठायची गरज नसते. पण या दुखण्यामुळे शाळा-कॉलेज बुडत असेल, कामावर खाडा होत असेल, झोप लागत नसेल किंवा गोळी घेऊनही उठता येत नसेल, तर 'हे सगळ्यांनाच होते' म्हणून सोडून देऊ नका. घरातील मोठ्या बायका 'लग्न झाले की थांबेल', 'एक मूल झाले की थांबेल' असे मायेनेच सांगतात, आणि काही जणींचा त्रास बाळंतपणानंतर कमी होतोही. मात्र सोळा वर्षांच्या मुलीला दर महिन्याला दोन दिवस अंथरुणात काढावे लागत असतील, तर तिला दहा वर्षे वाट पाहायला सांगणे हा उपचार नव्हे.

दुखते कशाने?

बराच काळ डॉक्टरसुद्धा या वेदनेला मनाचा खेळ समजत. १९५७ साली पिकल्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने पाळीच्या स्रावात स्नायू आकुंचित करणारा एक पदार्थ असल्याचे दाखवले. पुढे तो प्रोस्टाग्लँडिन गटातला असल्याचे आणि जास्त दुखणाऱ्या स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण अधिक असल्याचे सिद्ध झाले. (हे नाव पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीवरून पडले, कारण १९३० च्या दशकात तो प्रथम वीर्यात सापडला होता!)

पाळीच्या वेळी गर्भाशयाचे आतले अस्तर सुटू लागते तेव्हा हे प्रोस्टाग्लँडिन तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू जोरात आवळला जातो, त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि स्नायूला प्राणवायू कमी पडतो. कळ येते ती यामुळे. हेच पदार्थ आतड्यांवरही परिणाम करतात, म्हणून काही जणींना पाळीत जुलाब, मळमळ किंवा उलटी होते. तेव्हा 'काहीतरी बाहेरचे खाल्ले असेल' असे म्हणण्याआधी पाळीची तारीख पाहावी.

गोळी घ्यावी का?

घ्यावी, पण नीट घ्यावी. मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणेच कमी करतात. कोक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये अशा गोळ्यांच्या ८० चाचण्या एकत्र तपासल्या. त्यात सुमारे ५,८०० स्त्रिया होत्या. नुसत्या दिखाऊ गोळीने १०० पैकी साधारण १८ जणींना चांगला आराम पडला, तर या औषधांनी ४५ ते ५३ जणींना. म्हणजे औषध चालते, पण ते सगळ्यांना पुरत नाही, हेही त्यातच आले.

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी गोळी फार उशिरा घेतात. अगदी सहन होईनासे झाले की एक गोळी, तीही उपाशीपोटी. तोपर्यंत प्रोस्टाग्लँडिन तयार होऊन गेलेले असतात. पाळी नियमित असेल तर दुखण्याची चाहूल लागताच, काही खाऊन, पहिली गोळी घ्यावी आणि पुढचे दोन-तीन दिवस डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने घेत राहावी. महिन्यातून एवढ्या दिवसांच्या गोळ्यांनी गर्भाशय कमकुवत होत नाही आणि पुढे मूल होण्यातही अडचण येत नाही. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, वेदनाशामक गोळीने वाढणारा दमा किंवा डेंग्यूची शंका असेल, तर मात्र या गोळ्या घेऊ नका. तुम्ही गरोदर असण्याची शक्यता असेल तर आधी विचारा.

मेफेनॅमिक ॲसिडबद्दल २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधकोश आयोगाने एक इशारा दिला होता. त्यावरून समाजमाध्यमांत बरीच घबराट झाली. इशारा होता तो एका दुर्मीळ पण गंभीर ॲलर्जीबद्दल. औषध सुरू केल्यानंतर काही आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ आणि गाठींना सूज अशी तिची लक्षणे असतात. तसे झाल्यास औषध थांबवून लगेच दाखवावे. औषधावर बंदी आलेली नाही.

आजीचा शेकण्याचा सल्लाही चाचणीत उतरला आहे. २००१ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात पोटावर सुमारे ३९ अंश तापमानाची पट्टी सलग लावली, तेव्हा तिने आयबुप्रोफेनच्या तोडीचा आराम दिला. गरम पाण्याच्या पिशवीखाली पातळ कापड ठेवा. रोज तिथेच शेकून त्वचेवर काळसर जाळी उमटलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. व्यायामाचाही उपयोग दिसतो: आठवड्यातून तीन वेळा, ४५ ते ६० मिनिटे, चालणे असो की योगासने. तो महिनाभर करायचा असतो. पाळीच्या दिवशी कळा येत असताना कोणाला पळायला लावू नका.

दुखणे पाळीपुरते राहत नसेल तर

पाळीच्या आधी चार-पाच दिवस दुखू लागणे, पाळी संपल्यावरही दुखत राहणे, शौचाला किंवा लघवीला जाताना पाळीतच वेदना होणे, संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखणे, दरवर्षी त्रास वाढत जाणे. ही लक्षणे वेगळी आहेत. यामागे एंडोमेट्रिओसिस असू शकतो. यात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, अंडाशयावर, आतड्यांवर किंवा ओटीपोटाच्या आवरणावर वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननाच्या वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात १९ कोटींना, हा आजार आहे. निदान व्हायला कित्येकदा चार ते बारा वर्षे लागतात.

असे का होते, याचे एक उत्तर सॅम्पसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२७ मध्ये दिले: पाळीचे थोडे रक्त बीजनलिकांतून उलटे पोटात जाते आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. गंमत अशी की रक्त उलटे जाणे बहुतेक सगळ्याच स्त्रियांमध्ये घडते. मग रुजते ते थोड्याच जणींत का? यात आनुवंशिकतेचा वाटा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ६० हजारांहून अधिक रुग्ण स्त्रियांचे जनुकीय नमुने तपासले गेले आणि जनुकसंचात या आजाराशी जोडलेल्या ४२ जागा सापडल्या. त्यांतल्या काहींचा संबंध अर्धशिशी आणि पाठदुखी यांसारख्या दीर्घ वेदनांशीही निघाला. आई किंवा बहिणीला हा त्रास असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

'सोनोग्राफी नॉर्मल आहे, तुम्हाला काही नाही' हे वाक्य अनेकींनी ऐकलेले असते. अंडाशयातली गाठ सोनोग्राफीत दिसते, पण आवरणावरचे बारीक ठिपके सहसा दिसत नाहीत. म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी आजार नाही असे ठरत नाही. पूर्वी खात्रीसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया करावीच लागे. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी हे बदलले. आता लक्षणे, तपासणी आणि सोनोग्राफी किंवा एमआरआय यांवरून उपचार सुरू करता येतात. तपासणीत काही दिसत नसेल किंवा औषधांनी गुण येत नसेल, तर दुर्बिणीचा विचार होतो. लग्न न झालेल्या मुलीची सोनोग्राफी पोटावरून करता येते आणि आतून तपासणी तिच्या संमतीशिवाय होत नाही. या भीतीने मुलीला दाखवायचे टाळू नका.

उपचारात बहुधा हार्मोन्सच्या गोळ्या असतात. 'ही तर कुटुंबनियोजनाची गोळी' म्हणून आया दचकतात. औषध तेच असले तरी येथे हेतू अस्तराची वाढ आणि वेदना रोखण्याचा असतो. रक्तदाब, रक्ताच्या गुठळ्या किंवा डोळ्यांसमोर चमकणारी अर्धशिशी यांचा पूर्वेतिहास मात्र लपवू नका, कारण त्यावर गोळीची निवड ठरते.

मुंबईत परळ येथील आयसीएमआरच्या प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने भारतीय स्त्रियांमधील एंडोमेट्रिओसिसचा बहुकेंद्री अभ्यास हाती घेतला. आपल्याकडची माहिती आपल्या स्त्रियांकडूनच गोळा होणे गरजेचे होते, कारण येथे ओटीपोटाचा क्षयरोगही अशीच लक्षणे दाखवतो.

वेदनेची सवय मज्जासंस्थेलाही लागते

वर्षानुवर्षे दुखत राहिले की मज्जातंतू आणि मेंदू वेदनेबाबत अतिसंवेदनशील होतात. मूळ कारण कमी झाले तरी दुखणे उरते. म्हणून मज्जातंतूंवरची औषधे वापरून पाहिली गेली. ब्रिटनमध्ये ३०६ स्त्रियांवर गॅबापेंटिनची चाचणी झाली. २०२० मध्ये निकाल आला: दिखाऊ गोळीपेक्षा जास्त फायदा नाही, दुष्परिणाम मात्र जास्त. त्या स्त्रियांच्या ओटीपोटात दुर्बिणीने कोणतेही उघड कारण सापडले नव्हते. अशा रुग्णांना हे औषध सर्रास देऊ नये, हे त्यातून कळले. ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंची फिजिओथेरपी काहींना उपयोगी पडते. ती करणारे तज्ज्ञ आपल्याकडे अजून मोठ्या शहरांतच आहेत.

'पिशवी काढून टाका'

याबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते, म्हणजे सहापैकी एकीचे. खाडा झाला की मजुरी कापली जाते, फडावर शौचालय नसते, आणि पोटदुखी किंवा अंगावरून जाणे यावर 'पुढे कॅन्सर होईल' असे घाबरवले की बाई शस्त्रक्रियेला तयार होते. साध्या पाळीच्या दुखण्यासाठी किंवा पांढरे जाण्यासाठी तरुण वयात गर्भाशय काढायचे नसते. अंडाशयही काढले तर पाळी लवकर जाते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशय काढूनही दुखणे राहू शकते. कोणी असा सल्ला दिला तर कारण लिहून मागा, बायोप्सी आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट घ्या आणि दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. जिल्हा रुग्णालयातही दाखवता येते.

डॉक्टरकडे जाण्यापूर्वी

तीन महिन्यांची नोंद करा. कॅलेंडरवर पाळीचे दिवस, दुखणे दहापैकी किती, कोणती गोळी किती वाजता घेतली, त्या दिवशी काय बुडले. 'फार दुखते' यापेक्षा 'तीन महिन्यांत सात दिवस कॉलेज बुडले' हे डॉक्टरांना लवकर समजते. सोबत आई किंवा नवरा असेल तर काही मिनिटे एकटीशी बोलायला मिळावे, असे सांगायला संकोचू नका.

पाळी चुकलेली असताना एका बाजूला अचानक तीव्र कळ येऊन चक्कर आली, ताप आणि दुर्गंधीयुक्त स्रावासह ओटीपोट दुखले, किंवा तासाला एक पॅड भिजू लागले, तर नोंदवहीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.